पानावर बेतलेली चोळी

आमच्या महिला मंडळाचा दिवाळी अंक निघतो. या खेपेला विषय ठेवला आहे, नवं काही करायला गेलं की काय आडवं येतं. ज्यांनी नवं काही केलं त्यांनी लिहायचं. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारायलाही गेले नाही. चौथी शिकलेली बाई काय लिहिणार असं लोकांना वाटतं, मलाही वाटतं. तरी लिहून ठेवते. दुपारी घरात कुणी नसतं, तेवढा वेळ बरा जातो.

मी शिवणकाम केलं. पोलकी, चोळ्या, झबली, परकर. त्या सगळ्याबद्दल लिहीत नाही, फक्त कापडाला कात्री लावण्याबद्दल लिहिते. बाहेरच्या माणसाला वाटतं शिंपी म्हणजे शिवणारा. पण शिवणं हे अर्धं काम, आणि त्यातलं सोपं अर्धं. शिवलेलं चुकलं तर उसवता येतं. कापलेलं चुकलं तर गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं हा प्रश्न येतो. म्हणून शिंप्याच्या घरात शिवायला सगळे बसतात आणि कापड एकच माणूस बेततो. आमच्या घरात ते माझे सासरे होते.

माझं माहेर एडवणचं. लग्न होऊन पालघरजवळच्या माहीमला आले तेव्हा ओटीवर एक फळी, एक मशीन आणि भिंतीच्या खिळ्याला कात्री, एवढं आमचं दुकान होतं. मागे वाडी. नारळ, सुपारी आणि केळी. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो आणि सासूला आत्याबाई. मामंजींशी मी बोलत नसे. त्या काळी सुना बोलतच नसत, आणि मी तर मुळातच भित्री. मामंजी माझ्यापासून दोन हातांवर बसलेले असायचे आणि आत्याबाईंना सांगायचे, "सूनबायला सांग, बाहीला आतून तुरपाई घाल." आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "ऐकलं तिनं. बहिरी नाय ती." असं आमचं बोलणं.

बायकांची मापं घेणं मामंजींना शोभलं नसतं, म्हणून ती आत्याबाई घ्यायच्या, तीही दोऱ्याने. बाईला आत न्यायचं, जाड पांढरा दोरा छातीभोवती धरायचा आणि तिथं गाठ मारायची. मग दंड, मग उंची, प्रत्येकाला एकेक गाठ. तो दोरा त्या मामंजींच्या हातात द्यायच्या. मामंजी त्या गाठी बोटांनी चाचपून कापडावर खडूने रेघा ओढायचे. एका दोऱ्यावर एक बाई. भिंतीला असे कितीतरी दोरे टांगलेले असायचे आणि कुठला कुणाचा ते मामंजींना हात लावून कळायचं.

गिऱ्हाइकं बहुतेक मासे धरणाऱ्या मांगेल्यांच्या बायका. त्यांची चोळी शिवणं फार कठीण. दिसायला अंगाबरोबर हवी, आणि डोक्यावरची मासळीची टोपली उतरवताना काखेत फाटायला नको. हिराबाय म्हणून एक होती, ती नवी चोळी आत जाऊन घालायची आणि आमच्या आत्याबाईंना कमरेला धरून उचलून बघायची. आत्याबाई ओरडायच्या, "मला खाली ठेव, मी काय टोपलीतला हलवा मासा हाय?" चोळी उसवली नाही तरच हिराबाय ती घरी न्यायची. मामंजी बाहेर खाली मान घालून बसायचे, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसायचे.

मला बेतायचं होतं. ही गोष्ट मी तेव्हा कुणाजवळ बोलले नाही, यांच्याजवळही नाही. हे तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर लागले होते आणि आठवड्याने घरी यायचे. आल्यावर त्यांना झोप हवी असायची. मामंजी कापड पसरून कात्री चालवायचे तेव्हा मी काजं करता करता बघत बसायची. आत्ता इथून वळवली असती तर काखेत सैल पडली असती, असं मनात यायचं. तोंडातून निघायचं नाही. कापड दुसऱ्याचं, कात्री मामंजींची, आणि मी कोण, अशी ती तीन कुलपं होती. खरं सांगायचं तर चौथंही होतं. न करता मनात ठेवलेलं काम चुकत नाही, तेव्हा ते मनातच बरं वाटायचं.

मग मामंजींची नजर जायला लागली. ते कुणाला बोलले नाहीत. आधी सुईत दोरा ओवायला माझ्याकडे यायला लागला. मग एकदा एका चोळीच्या दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या गेल्या. मी एक बाही उलटी करून, कापडाची मागची बाजू पुढे घेऊन शिवली. कापड दोन्हीकडून सारखं होतं म्हणून निभावलं. मामंजींना ते कळलं असणार. पुढे पुढे ते कापड घ्यायचे, "ठेवून जा" म्हणायचे, आणि ते फळीवर तसंच पडून राहायचं.

पौषात मामंजींचा पुतण्या दत्तू बोईसरहून आला. बांधकामामुळे बोईसरला परगावची माणसं आली होती, वसाहत उठत होती, पँटी-बुशकोट शिवणाऱ्यांना फुरसत नव्हती. दत्तूने तिथं दुकान टाकलं होतं. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "काका, तुमच्याच्यानं आता होत नाय. मशीन इथं गंजून जाईल. मला द्या, मी चालवतो."

मामंजींनी मशीनच्या चाकावरून हात फिरवला. मग म्हणाले, "आखाजीपर्यंत थांब. हातातली कामं पुरी होऊ दे." आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तीन-चार महिन्यांवर होती.

दत्तू माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैनींना काय, वाडीत काम पुष्कळ हाय."

मी आतल्या दारात उभी होते. मशीन गेलं म्हणजे माझं शिवणं संपलं, एवढं मला कळलं. आणि मशीन ठेवायचं तर कापड बेतणारं माणूस घरात हवं. मामंजींच्या नंतर घरात शिवणारी मी एकटी. हे सगळं दोन आणि दोन चार इतकं सरळ होतं, पण ते मामंजींना सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

मी वाडीत शिकायला सुरुवात केली. कागद घरात नसायचा, वर्तमानपत्र येत नव्हतं. कापड वाया घालवायची हिंमत नव्हती. केळीची पानं मात्र लागतील तेवढी होती. माझी एक जुनी चोळी मी पुरती उसवून तुकडे सुटे केले, ते पानावर ठेवले आणि यांच्या दाढीच्या जुन्या ब्लेडने भोवतीने कापत गेले. खिळ्यावरची कात्री घ्यायचं धाडस नव्हतंच. पानाचं एक बरं असतं, ते शिरांच्या दिशेने सरळ फाटतं आणि तिरकं कापलं तर ताण सोसतं. कापडाचंही तसंच. उभं, आडवं आणि तिरकं, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात ते. मामंजींचं बघून जे कळलं नव्हतं ते पान फाटल्यावर हाताला कळलं. चुकलेलं पान मी शेळीपुढे टाकायची. पहिल्या महिनाभरातल्या माझ्या सगळ्या चुका शेळीने खाल्ल्या. दुसऱ्यांनी कुणी पाहिल्या नाहीत, म्हणूनच बहुतेक मी चुकू शकले. पुढे मुली शिकायला यायच्या तेव्हा मी त्यांनाही आधी असं काहीतरी द्यायची ज्याचा हिशेब कुणी मागणार नाही.

मग मी चोळी न ठेवता, नुसता दोरा धरून पानं कापायला लागले. मग दोऱ्यात नसलेलंही करून बघितलं, बाही जरा वर चढवली, काखेचा आकार बदलला. एकदा आत्याबाई गोठ्यात आल्या. शेळीच्या तोंडात अर्धी बाही होती. त्यांनी ती बघितली, मला बघितलं आणि म्हणाल्या, "शेळीला चोळी घालतेस का?" मग धार काढायला बसल्या. पण रात्री मामंजींना त्यांनी सांगितलं असावं, असं आता वाटतं.

माघात हिराबायच्या मुलीचं, लक्षीचं लग्न ठरलं. नवरीच्या चोळीचं कापड मामाने द्यायचं असतं. लक्षीच्या मामाने मुंबईहून जांभळं रेशमी कापड आणलं होतं, नेमकं एका चोळीपुरतं. हिराबायने ते दोन्ही हातांनी मामंजींना दिलं. आत्याबाईंनी लक्षीचा दोरा घेतला. मग दिवस जायला लागले. मामंजी रोज सकाळी ते कापड पसरायचे, हात फिरवायचे, परत घडी घालायचे. हिराबाय येऊन गेली, दुसऱ्यांदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "दादा, नवरी काय दोरा नेसून उभी ऱ्हाणार काय?"

"परवा ये," मामंजी म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी कापड पसरलं, खडू घेतला, ठेवला. मग कापडाची घडी केली, कात्री खिळ्यावरून काढून त्या घडीवर ठेवली, आणि ते सगळं फळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे आतल्या दाराकडे सरकवलं. "मी देवळात जाऊन येतो," असं आत्याबाईंना सांगून काठी घेऊन निघून गेले. सकाळी देवळात जायची त्यांची पद्धत नव्हती.

आत्याबाई म्हणाल्या, "कळलं ना तुला?"

"काय?"

"कात्री कुठं ठेवलीय ती बघ."

मी घाबरत फळीजवळ आले. लक्षीच्या दोऱ्यावरून मी आदल्या सकाळीच पानं कापून ठेवली होती. फार चांगली जमली होती, म्हणून शेळीला न देता कोनाड्यात ठेवली होती. ती आणली. कडा थोड्या वळल्या होत्या, त्यावर तांब्या आणि पाटा ठेवून सपाट केल्या. मामंजी यायच्या आत व्हायला हवं ही एकच घाई डोक्यात. रेघा ओढल्या आणि कापलं. कात्री माझ्या मनातल्यापेक्षा जड होती.

कच्चे टाके घालून अंगात घालायच्या आकाराची केली आणि दोरा लावून बघितला. छातीला दोन बोटं कमी. परत लावला. दोन बोटं कमीच. बाही तशीच. मी वाडीत पळाले, ताजं पान आणून त्याच दोऱ्यावर कापलं आणि कालच्या पानावर ठेवलं. कालचं पान सगळीकडून आत आलं होतं. आत्याबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "अळू शिजलं की एवढंसं होतं, पान सुकलं की एवढंसं होतं. रांधणारी बाय तू, तुला हे ठाऊक नाय?"

ठाऊक होतं. पण रांधण्यातलं शहाणपण शिवणाच्या फळीवर आणायचं असतं हे सुचलं नव्हतं.

मामंजी आले. त्यांनी काही न विचारता चोळी हातात घेतली आणि दोरा चाचपला. मग आत्याबाईंकडे तोंडसुद्धा न फिरवता सरळ मला म्हणाले, "कशावर बेतलंस?"

लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलत होते. मी म्हटलं, "पानावर."

"कधीचं पान?"

"कालचं."

ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी उरलेले जांभळे तुकडे चाचपले. सगळे चिंधीएवढे. म्हणाले, "हे जोडून जोडून काखेत आतल्या अंगाला घाल. तीन जोड येतील. पदराखाली कुणाला दिसणार नाय."

माझ्या डोळ्यांपुढे हिराबाय आली. तीन जोडांची चोळी, तीही काखेत, पहिल्या टोपलीला उसवणार. मी आत्याबाईंना म्हटलं, "मामंजींना सांगा, जोड फाटतील. अखंड पट्टी हवी. कमरेपासून काखेतून वर बाहीत जाणारी, एकच."

"एवढं जांभळं कुठं हाय?" मामंजी म्हणाले.

"पिवळं हाय," मी म्हटलं. मला माहेरहून आलेला पिवळा रेशमी तुकडा ट्रंकेत होता.

"दुसरा रंग लावायचा म्हणजे चूक सगळ्या गावाला दाखवायची."

यावर आत्याबाई म्हणाल्या, "तुमी डोळ्याचं लपवता ते काय गावाला दिसत नाय?"

मामंजींनी चोळी माझ्यापुढे ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. "कर," म्हणाले. "तुझं तू बघ."

पट्टी कशी कापायची हे मला कुणी दाखवलं नव्हतं, मी कुठं पाहिलीही नव्हती. ताजी पानं आणली. सरळ पट्टी हात वर केला की ओढत होती. मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळती केली, बांगडा मासळीसारखी, तेव्हा जमली. आणि तिरकी, उरेब घेतली. पिवळं कापड कापताना भीती वाटली नाही. ती सगळी सकाळीच वाटून संपली होती. दोन्ही बाजूंना लावून, उठून दिसतेच आहे तर नीट दिसू दे म्हणून, बाहीच्या काठालाही पिवळी गोट घातली.

हिराबाय लक्षीला घेऊन आली. चोळी उलगडून तिने काखेकडे बोट केलं. "ह्ये काय?"

मामंजींनी तोंड उघडलं तेव्हा मीच म्हटलं, "कमी पडलं. माझ्या हातून चुकलं. पट्टी घातलीय."

"माझ्या भावाच्या कपड्याला ठिगळ लावलंस?"

लक्षी तोवर आत जाऊन घालून आली होती. तिने एक हात वर केला, मग दोन्ही केले, मग नाचल्यासारखी फिरली. "आये, दाटत नाय."

"लगनात हात वर कोण करतंय?"

"लगन झाल्यावर टोपली कोण उतरवणार? तू येणार काय सासरी?"

हिराबाय तिच्यावर हात उगारून हसली, पण माझ्याकडे बघून हसली नाही. चोळी घेऊन गेली. लग्नाला दुसरी मिळणारच नव्हती. त्यानंतर हिराबाय आमच्या ओटीवर कधी आली नाही. भावाचं कापड होतं, तिच्या मनाला लागलं. रस्त्यात भेटली की नजर चुकवून टोपलीतली मासळी बघत बसायची. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण चोळी पारखणारी तशी दुसरी बाई मला मिळाली नाही.

होळी झाल्यावर लक्षी सासरहून आली, दोन जावांना घेऊन. तिघींची साधी सुती कापडं. म्हणाली, "बाय, बाजूला तशीच पट्टी लाव. पण त्याच रंगाची लाव हां." म्हणजे पिवळं तिलाही आवडलं नव्हतं. हात वर जात होता ते आवडलं होतं. पुढे किनाऱ्याच्या कितीतरी चोळ्यांना मी तशी पट्टी घातली, एकाच रंगात. वेगळं म्हणून केलेल्या कामातलं लोक किती घेतात आणि किती ठेवून देतात, ते त्यांचं त्यांना ठरवू द्यावं लागतं.

चैत्र सरता सरता हे एका पंजाबी बाईला घेऊन आले. तिचा नवरा यांच्या बांधकामावर मुकादम होता. तिला कमीज हवं होतं. आमच्या घरात कमीज कुणी शिवलं नव्हतं आणि मामंजींनी आधीच मान हलवली होती, "आपण चोळीवाले." बाई ऐकेना. "अम्मा, ढीला रखना, बस," असं आत्याबाईंना सांगून तिने कापड ठेवलंच. नमुन्याला जुनं कमीज नाही, काही नाही. यांनी बांधकामावरून सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा कागद आणून दिला, जाड, खाकी. तो सुकत नाही. त्यावर मी चोळीच खाली वाढवत नेली, पट्टी होतीच, ती आणखी खाली आणली. बेतून झाल्यावर मामंजींनी कागदाच्या कडांवरून बोट फिरवलं. गळ्याशी थांबून म्हणाले, "इथं खोल गेलीस." मी अर्धं बोट कमी केलं.

आखाजीला दत्तू टांगा घेऊन आला. पालघर स्टेशनावरून मशीन गाडीत चढवायचं ठरवून आला होता, बांधायला सुंभ घेऊन. मी फळीवर ते कमीज कापत होते. मामंजी शेजारी बसले होते.

"काका, चला, आवरू या," दत्तू म्हणाला.

"कसलं?"

"ठरलं होतं ना आपलं? आखाजीला?"

"दुकान बंद होतंय म्हणून ठरलं होतं," मामंजी म्हणाले. "बंद झालंय काय बघ तूच. मला दिसत नाय."

हे त्यांनी कुणापुढे पहिल्यांदाच उघड सांगितलं. दत्तू फळीजवळ येऊन उभा राहिला आणि माझा हात बघायला लागला. कात्री मधेच थांबवली तर कापडाच्या कडेला दात पडतो, म्हणून मी थांबले नाही.

"वैनी, नमुन्याचं कमीज कुठं हाय?"

"नाय."

"मग चुकलं तर?"

"चुकतं," मी म्हटलं.

"मग?"

"मग जोडते."

आत्याबाईंनी त्याला जेवायला वाढलं. जाताना त्याने मशीन आणि सुंभ दोन्ही आमच्याकडेच ठेवलं, आणि रिकामा टांगा स्टेशनापर्यंत कशाला न्यायचा म्हणून वाडीतले नारळ भरून घेतले.